पडद्यावरच्या रस्त्याची वंशावळ

मोटारींच्या शर्यतीचे व्हिडिओ गेम जिथून सुरू झाले, तिथे प्रोग्रॅम नावाची गोष्टच नव्हती. १९७४ साली अटारी कंपनीने 'ग्रॅन ट्रॅक १०' आणला. उभ्या कपाटात पडदा, समोर स्टिअरिंग, बाजूला गिअरचा दांडा, पायाशी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक. आत मात्र प्रोसेसर नव्हता, होती ती साध्या लॉजिक चिपांची जुळणी. गाडीचे चित्र तेवढे कायमस्वरूपी स्मृतीच्या एका चिपमध्ये साठवलेले. खेळ म्हणजे ते सर्किटच. खेळ चालवणारा प्रोग्रॅम म्हणून काढून घेण्यासारखी, फाइलीत साठवण्यासारखी वेगळी वस्तू त्यात नव्हती.

इम्युलेशन म्हणजे जुन्या यंत्राचे वागणे नव्या संगणकाकडून जसेच्या तसे करवून घेणे. 'ग्रॅन ट्रॅक'सारखा खेळ आज चालवायचा तर सर्किटमधली प्रत्येक चिप आणि तिच्यातून वाहणारा प्रत्येक संकेत मोजत बसावे लागते. त्याच्या दहा वर्षांनंतरचा खेळ मात्र साध्या लॅपटॉपवर सहज धावतो. हा फरक खेळाच्या जुनेपणाचा नाही, यंत्राच्या जातीचा आहे.

म्हणून घरच्या संगणकावर जुन्या शर्यती सुरू करू पाहणाऱ्याला माझे सांगणे असे, की सुरुवात खेळाच्या नावापासून करू नये, यंत्रापासून करावी. आपण तो खेळ कशावर खेळलो, तो कुठल्या टीव्हीला जोडलेला होता, हातात काय होते, हे आधी ओळखावे. जबलपूरच्या घमापुरात वाढलेल्या माणसाने तर हे ओळखावेच, कारण आपल्यापर्यंत हे खेळ सरळ वाटेने आलेले नाहीत.

रस्त्याच्या दोन शाखा

पडद्यावर रस्ता दाखवायच्या दोन रीती पहिल्या दोन-तीन वर्षांतच ठरून गेल्या, आणि पुढचे बहुतेक खेळ या दोनांपैकी एकीचे वंशज आहेत.

पहिली रीत आकाशातून पाहण्याची. १९७४ सालीच जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पीड रेस' बनवला. हेच निशिकादो पुढे १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स'चे कर्ते म्हणून जगभर पोचले. 'स्पीड रेस'मध्ये आपली गाडी पडद्याच्या तळाशी राहते आणि रस्ता वरून खाली सरकत येतो. समोरून येणाऱ्या गाड्या चुकवायच्या, एवढाच नियम. सेगाचा १९७९चा 'मोनॅको जीपी' याच शाखेतला. त्यातही प्रोसेसर नव्हता. कोनामीचा १९८४चा 'रोड फायटर' ही याच शाखेची फांदी, आणि आपल्याकडच्या घरांत ती सर्वांत घट्ट रुजली.

दुसरी रीत चालकाच्या डोळ्यांनी पाहण्याची. जर्मनीत राइनर फोर्स्ट यांनी 'न्यूर्बुर्गरिंग १' नावाचे यंत्र तयार केले होते. त्याच्या जाहिरातीतले चित्र पाहून अटारीचे डेव्ह शेपर्ड यांनी १९७६ चा 'नाइट ड्रायव्हर' लिहिला. रात्रीचा काळोख, आणि दोन्ही बाजूंना अंगावर येणारे पांढरे चौकोनी खांब. त्या खांबांच्या हालचालीवरून डोळा वळण ओळखतो. गाडी तर पडद्यावर काढलेलीच नव्हती. ती छापील प्लॅस्टिकच्या तुकड्यावर होती आणि तो तुकडा काचेच्या खालच्या कडेला चिकटवलेला होता. नवख्याने इम्युलेटरवर हा खेळ लावला की गाडी गायब दिसते आणि फाइल बिघडली असे वाटते. बिघाड काही नसतो. गाडी मुळात प्रोग्रॅमच्या बाहेर होती, म्हणून तिचे चित्र वेगळे जोडावे लागते.

या शाखेला खरी उंची १९८२ मध्ये नामकोच्या 'पोल पोझिशन'ने दिली. फुजी स्पीडवेवर आधी पात्रतेची फेरी, मग शर्यत. आत एक झेड८० आणि दोन १६ बिटी झेड८००२ प्रोसेसर. रस्ता आडव्या रेषांचा बनलेला, आणि प्रत्येक रेष हवी तेवढी डावी-उजवीकडे सरकवली की सपाट पडद्यावर वळण उमटते. १९८६ मध्ये सेगाच्या यू सुझुकी यांनी 'आउट रन'मध्ये हीच कल्पना कळसाला नेली. दोन ६८००० प्रोसेसरांपैकी एकाचे काम मुख्यतः रस्त्याचे. झाडे, पाट्या, समोरच्या गाड्या क्षणोक्षणी लहानमोठ्या करणारी चिपांची वेगळी फौज. हिरोशी कावागुची यांचे संगीत निवडून निघायचे, आणि रस्ता फुटेल तिथे डावे की उजवे ते आपण ठरवायचे.

घमापुरापर्यंतची वाट

आता हे सगळे आपल्या दाराशी कसे आले ते पाहू. दुसऱ्याच्या आराखड्यावरून यंत्र उभे करणे ही गोष्ट जबलपूरला परकी नाही. इथल्या वाहन कारखान्यातून जर्मन एमएएन कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक निघाले आणि जपानच्या निस्सान कंपनीच्या परवान्याने जोंगा निघाली. शहराच्या पूर्व अंगाच्या वस्त्यांत, घमापुरापासून रांझीपर्यंत, कारखान्याच्या पाळ्यांवर चालणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. परवाना घेऊन बनवलेले यंत्र आणि परवान्यावाचून केलेली नक्कल यांतला फरक या घरांना शिकवावा लागत नाही. संगणकी शर्यती भारतात आल्या त्या या दोन्ही मार्गांनी.

परवान्याच्या मार्गाने आलेली दोन यंत्रे ठळक आहेत. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांत ब्रिटनचा बीबीसी मायक्रो संगणक पोचला. त्याच सुमारास त्याच यंत्रासाठी जेफ क्रॅमंड यांनी 'रेव्ह्ज' लिहिला. फॉर्म्युला थ्री गाडी, सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक, चाकांची पकड आणि वेग यांचा खरा हिशेब. घरी बसून मोटार चालवण्याचे गणित मांडणाऱ्या खेळांचा तो मूळपुरुष. शाळांतले संगणक धड्यांसाठी होते, तरी ज्या चिपांवर 'रेव्ह्ज' धावत होता त्याच चिपा आपल्या वर्गांत होत्या, याची नोंद व्हायला हवी.

दुसरे यंत्र मराठी मुलखातले. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने विकली. ४८ किलोबाइट स्मृती, झेड८० प्रोसेसर, टीव्हीला जोडायची वायर, आणि खेळ ऑडिओ कॅसेटवर. कॅसेटप्लेअर लावायचा, कर्कश आवाज काही मिनिटे ऐकायचा, मग 'चेकर्ड फ्लॅग'सारखी शर्यत पडद्यावर यायची. हे घरगुती संगणकाचे युग भारतात फार घरांत पोचले नाही. पण जिथे पोचले तिथे खेळ लिहिण्याची हौसही घेऊन आले, कारण यंत्र सुरू करताच बेसिक भाषा हात जोडून उभी असे.

बहुतेक घरांत जे आले ते दुसऱ्या मार्गाने. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानात फॅमिकॉम आणला. त्याच्या नकला तैवानी चिपांवर बनल्या आणि १९९०च्या दशकात समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी आपल्या बाजारात भरून राहिल्या. निन्टेन्डोचे नाव बहुतेकांनी फार उशिरा ऐकले. आपल्यासाठी तो नुसता 'व्हिडिओ गेम' होता आणि खेळाला म्हणत 'कारवाला गेम'. एकाच काडतुसात अनेक खेळ, यादीत तीच नावे पुन्हा पुन्हा, आणि त्यांत 'रोड फायटर', 'एफ१ रेस', 'एक्साइटबाइक' जवळजवळ हमखास. त्या काळचे साधे काडतूस म्हणजे २४ किंवा ४० किलोबाइट. आज फोनवर काढलेला एक फोटो त्याच्या पन्नासपट भरतो. तेवढ्यात 'रोड फायटर'ची ताशी ४०० किलोमीटर धावणारी गाडी, संपत जाणारे इंधन, इंधन देणारी रंगीबेरंगी गाडी, आणि धडकल्यावर घसरणारी गाडी उलट्या बाजूला दाबून सावरण्याची विद्या, एवढे सगळे मावले होते.

तिसरी लाट विंडोज संगणकांची. 'रोड रॅश' १९९१ मध्ये सेगाच्या यंत्रावर जन्मला आणि १९९६ मध्ये विंडोज ९५ वर आला. 'द नीड फॉर स्पीड' १९९४ मध्ये थ्रीडीओ यंत्रावर आणि पुढच्या वर्षी डॉसवर. कॉम्प्युटर क्लासच्या शेवटच्या दहा मिनिटांत आणि सायबर कॅफेत एक अख्खी पिढी या दोन खेळांवर गाडी चालवायला शिकली.

पन्नास आणि साठ

आता मी ज्या गोष्टीसाठी यंत्रापासून सुरुवात करा म्हणतो, ती सांगतो. घमापुरातल्या कुणी चाळिशीतल्या माणसाने आज इम्युलेटर उतरवला आणि 'रोड फायटर' लावला, तर खेळ त्याला आठवतो त्यापेक्षा वेगवान लागतो. हात मंदावले, वय झाले, असे तो समजतो. तसे नाही. खेळ खरोखरच वेगात चाललेला असतो.

जपानचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रे दाखवत असे, आपला पॅल पद्धतीचा टीव्ही ५०. त्या काळचे खेळ घड्याळ पाहून चालत नसत, चित्रे मोजून चालत. प्रत्येक चित्रामागे गाडी ठरावीक अंतर पुढे. सेकंदाला चित्रे कमी, तर गाडी हळू. जपानात जे पाच सेकंदांत घडे ते ५० चित्रांच्या टीव्हीवर सहा सेकंदांत.

यातली कारागिरी पाहण्यासारखी आहे. फॅमिकॉमवर 'एफ१ रेस'मधले वळण काढायचे तर पडद्यावरची एक-एक रेष योग्य क्षणी सरकवावी लागते, आणि तो क्षण प्रोसेसर स्वतःचे ठोके मोजून पकडतो. एका रेषेला सुमारे ११४ ठोके. निन्टेन्डोने युरोपातल्या ५० चित्रांच्या टीव्हीसाठी जे अधिकृत यंत्र बनवले, त्यात प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्‌झवर उतरवला. रेषेमागचे ठोके सुमारे १०७ झाले, आणि ठोके मोजून चालणाऱ्या जपानी खेळांचा हिशेब चुकू लागला. पॅल टीव्हींसाठी नकला बनवणाऱ्यांनी वेगळी युक्ती केली. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपांत वेग १.७७ मेगाहर्ट्‌झ ठेवला, म्हणजे मूळ १.७९ च्या अगदी जवळ. रेषेमागचे ठोके तेवढेच राखले. ५० चित्रांचा हिशेब जुळवायला प्रत्येक चित्राच्या शेवटी ५० रिकाम्या रेषा जोडल्या, २६२ च्या ३१२ केल्या. त्यामुळे वळण बरोबर उमटते, आवाजाची पट्टी जवळजवळ मूळचीच राहते, फक्त खेळाची आणि संगीताची लय संथ होते.

म्हणजे ज्याला आपण स्वस्त नक्कल म्हणून हिणवले, त्या यंत्रात जपानी काडतुसे ५० चित्रांच्या टीव्हीवर नीट चालावीत यासाठी केलेला नेमका विचार होता. या वेळेच्या गणिताला इम्युलेटर बनवणारे 'डेंडी' म्हणतात, रशियात गाजलेल्या अशाच नकलेवरून. मेसेन, एफसीईयूएक्स, नेस्टोपिया या इम्युलेटरांत प्रदेश निवडताना हा पर्याय मिळतो. पॅल टीव्हीवर असे यंत्र खेळलेल्या भारतीय माणसाने तो निवडून पाहावा. लहानपणीचा वेग तिथे सापडतो.

यंत्राच्या पोटात यंत्र

इम्युलेशनची कल्पना खेळांतून आली नाही. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० संगणक जाहीर केला तेव्हा ग्राहकांचा पहिला प्रश्न होता, की जुन्या १४०१ वर लिहिलेले हिशेबाचे प्रोग्रॅम फेकून द्यायचे का? म्हणून नव्या यंत्रालाच जुन्यासारखे वागायची सोय दिली. जुने काम वाया जाऊ नये ही गरज या विद्येच्या मुळाशी आहे.

खेळांच्या बाबतीत ही गरज हौशी लोकांनी ओळखली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्सच्या गेर्टन लुंटर यांचा 'झेड८०' डॉसवर स्पेक्ट्रम जिवंत करत होता. ५ फेब्रुवारी १९९७ रोजी इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 'मेम'ची पहिली आवृत्ती दिली. आर्केडमधल्या, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांची शेकडो वेगवेगळी सर्किटे एका प्रोग्रॅमखाली आणण्याचा तो उद्योग आजही चालू आहे, आणि २०१६ पासून पूर्णपणे मुक्त परवान्याखाली आहे. त्याच १९९७ च्या एप्रिलमध्ये फॅमिकॉमच्या खेळांसाठी 'नेस्टिकल' आला. अचूकतेला बगल देऊन तो त्या वेळच्या अशक्त संगणकांवरही पळे. आजचे इम्युलेटर त्याहून कितीतरी जास्त ताकद मागतात, कारण ते ठोका चुकू देत नाहीत. २००२ मध्ये 'डॉसबॉक्स'ने डॉसचे युग वाचवले. २०१२च्या सुमारास क्रिस व्हाइट यांनी 'आउट रन'ची मूळ आज्ञावली उलगडून ती 'कॅननबॉल' नावाने नव्या भाषेत लिहिली. आता तो खेळ यंत्राचे सोंग न घेता थेट धावतो, मूळ चिपांमधली चित्रे आणि आवाज मात्र आपल्याजवळ असावे लागतात.

कायद्याची वाटही याच काळात स्पष्ट झाली. २००० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात, इम्युलेटर बनवण्यासाठी यंत्राची आज्ञावली उलगडून अभ्यासणे न्याय्य ठरवले. इम्युलेटर बनवणे हा गुन्हा नाही. खेळाची प्रत हा प्रश्न वेगळा. भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती नष्ट होण्यापासून जपण्यासाठी दुसरी प्रत करू देते. दुसऱ्याचा खेळ कुठूनतरी उतरवून घेण्याची मुभा त्यात नाही.

सुरुवात कशी करावी

परवानगी असलेल्या खेळांपासून सुरुवात करणे सर्वांत बरे. 'मेम'च्या प्रकल्पाकडे मालकांनी स्वखुशीने खुले केलेले काही खेळ आहेत. त्यांत एक्झिडी कंपनीचा १९७७चा 'कार पोलो' आणि १९७९चा 'क्रॅश' गाड्यांचेच आहेत, आणि पूर्व जर्मनीत १९८०च्या दशकात बनलेल्या 'पोली-प्ले' या यंत्रातही एक मोटार शर्यत आहे. स्पेक्ट्रमच्या मूळ रॉमचे, म्हणजे यंत्रात कायम साठवलेल्या आज्ञावलीचे हक्क ॲमस्ट्रॅडकडे गेले, आणि १९९९ मध्ये त्या कंपनीने इम्युलेटरांसोबत ती रॉम वाटायची परवानगी दिली. एवढ्या सामग्रीवर पहिले काही आठवडे मजेत जातात आणि सेटिंगांची समज येते.

मग नियंत्रण. 'पोल पोझिशन'चे स्टिअरिंग गोल गोल कितीही फिरे, त्याला शेवट नव्हता. 'आउट रन'चे ठरावीक जागी अडे. म्हणून पहिल्यासाठी साधा माउस उत्तम, कारण माउसलाही शेवट नाही. दुसऱ्यासाठी कंट्रोलरची छोटी काठी योग्य, कारण ती सोडली की मध्यावर परतते. फॅमिकॉमच्या खेळांना चार दिशांचे बटणच हवे. महागडे चाक घेण्याआधी हा भेद ध्यानात घ्यावा. जुन्या खेळांतले अर्धे या चाकाला कधीच जुळवून घेत नाहीत.

त्यानंतर विलंब. ६० चित्रांच्या खेळात एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचे. नव्या टीव्हीने चित्र सजवण्यात तीन-चार चित्रांचा वेळ खाल्ला की वळण हातातून निसटते. टीव्हीत 'गेम मोड' लावावा, बिनतारी कंट्रोलरऐवजी तारेचा घ्यावा. अनेक इम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्च या प्रोग्रॅममध्ये २०१८ पासून 'रन-अहेड' नावाची सोय आहे. ती पुढचे चित्र आधीच काढून विलंब कमी करते. 'रोड रॅश'सारख्या विंडोज ९५ च्या खेळाला डॉसबॉक्स पुरत नाही. त्यासाठी ८६बॉक्ससारखा अख्खा जुना संगणक उभा करणारा इम्युलेटर लागतो. फॅमिकॉम, स्पेक्ट्रम, 'पोल पोझिशन' यांना दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही पुरतो.

अजून न लिहिलेली फांदी

या वंशावळीत जपान, अमेरिका, युरोप यांच्या फांद्या बारकाईने नोंदल्या गेल्या आहेत. कुठल्या यंत्रात कोणती चिप, कुठल्या महिन्यात कोणती आवृत्ती, सगळे सापडते. आपली फांदी मात्र जवळजवळ कोरी आहे. भारतात विकलेल्या नकलांच्या आत नेमक्या कोणत्या चिपा होत्या, कुठल्या काडतुसात कोणते बदललेले खेळ होते, पुण्याच्या डीबी स्पेक्ट्रमसाठी इथल्या मुलांनी कॅसेटवर काय लिहून ठेवले, हे एकत्र कुठे नाही. जी यंत्रे लाखांनी खपली त्यांचा इतिहास रद्दीवाल्याच्या तराजूवर जातो आहे.

हे काम मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे नाही. माळ्यावर खोके असेल तर खाली काढावे. स्क्रू उघडून आतल्या पाटीचा फोटो घ्यावा, चिपांवरचे आकडे टिपावे. ६० पिनांचे काडतूस संगणकावर वाचून घेणारी छोटी उपकरणे मिळतात. कॅसेट असेल तर साध्या टेपरेकॉर्डरमधून तिचा आवाज पूर्ण वेगाच्या वेव्ह फाइलीत उतरवावा. त्या आवाजातून स्पेक्ट्रमचा प्रोग्रॅम परत मिळवता येतो, फितीवरचा लेप झडण्याआधी मात्र. घरातल्या काका-मामांना विचारून यंत्र कुठल्या साली, कुठल्या दुकानातून, किती रुपयांना आणले ते लिहून ठेवावे. जुनी शर्यत घरच्या संगणकावर सुरू करण्याचा खरा लाभ मला यात दिसतो. खेळता खेळता माणूस स्वतःच्या यंत्राचा शोध घेऊ लागतो, आणि घमापूर, पुणे, नागपूर इथल्या घरांनी हा शोध घेतला, तरच या वंशावळीत आपले नाव लागेल.